जाळीची वात

वात म्हटलं की आपल्याला समईतली कापसाची वात आठवते. स्टीलचीही वात असते, हे मला इलेक्ट्रॉनिक सिगारेटमुळे कळलं. कॉलेजातला एक मित्र सध्या इंग्लंडमध्ये असतो. सिगारेट सुटावी म्हणून तो हे यंत्र वापरतो, तेही स्वतः जुळवायचं. दिवाळीत नागपूरला येतोय. फोनवर म्हणाला, "अबे, हे जाळीचं प्रकरण सेफ आहे ना? आणि सोबत आणलं तर चालते ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून इथेच लिहितो.

रचना सोपी आहे. खाली टाकीत निकोटिनचं द्रव, त्यात बुडवलेली बारीक जाळीची सुरळी. जाळी इतकी बारीक की एका इंचात चारशे-पाचशे छिद्रं. केशाकर्षणाने द्रव वर चढतो. वरच्या टोकाला तारेचे चार-पाच वेढे असतात. बॅटरी दाबली की तार तापते आणि वाफ होते.

गोम अशी की ही वात स्वतःच वीज वाहून नेते. तार उघड्या स्टीलला टेकली तर वीज वेढे सोडून सरळ जाळीतून जाते. म्हणून सुरळी गॅसवर लाल करून थंड करतात, असं अनेकदा. त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो. तोच काय तो इन्सुलेशन! तार जरा जोरात ओढली तरी तो खरवडतो.

आता बारावीतला ओहमचा नियम आठवा. 3.7 व्होल्टच्या सेलवर 1.2 ओहमची तार साधारण 3 अँपिअर घेते. शॉर्ट होऊन रोध 0.2 वर आला तर 18 अँपिअरच्या वर. बऱ्याच लिथियम सेल एवढ्यासाठी बनवलेल्याच नसतात. त्या तापतात, पेटूही शकतात.

म्हणून सेल लावण्याआधी दर वेळी ओहममीटर. आकडा हलत असेल तर थांबायचं. सुरळी टाकीच्या झाकणाच्या कडेला टेकू द्यायची नाही. सगळे वेढे सारखे तापायला हवेत. एकच आधी लाल झाला तर तिथे शॉर्ट आहे. आणि संरक्षक सर्किट नसलेलं यंत्र वापरायचंच नाही. एवढं करूनही वाफेत निकेल, क्रोमियमसारखे धातू आढळले आहेत. ते मीटरवर दिसत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे: नाही. 18 सप्टेंबर 2019 च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने भारतात इलेक्ट्रॉनिक सिगारेटची आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ज्या शहरात पानठेल्यावर खर्रा घोटून मिळतो, तिथे हे विचित्र वाटेल. वाटो. मित्राला मी सांगितलं, यंत्र तिकडेच ठेव. निकोटिनचं च्युइंगगम इथे औषधाच्या दुकानात मिळतं, आणि 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्याची राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे. दोन आठवडे त्यावर निघतील. पुन्हा सिगारेट धरायची नाही, एवढंच पाहायचं.