घायपाताच्या बांधावरून

गेल्या फाल्गुनांत कांहीं घरगुती कामानिमित्त आम्ही सहकुटुंब लोणंदास गेलों होतों. पुण्याहून मिरजेच्या गाडीनें निघालें म्हणजे जेजुरी, वाल्हें, नीरा हीं स्टेशनें मागें टाकून लोणंद येतें. फलटणचा फांटा २०१९ सालीं सुरू झाल्यापासून या स्टेशनास जंक्शनाचा मान मिळाला आहे. परंतु आमच्या वाचकांना हें गांव बहुधा दोन कारणांनीं ठाऊक असेल: एक येथील कांद्याचा बाजार आणि दुसरें आषाढीची वारी. नीरेंत माउलींच्या पादुकांना स्नान घडलें म्हणजे पालखी सातारा जिल्ह्यांत येते व लोणंदास विसांवते. मग तरडगांवच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशीं पहिलें उभें रिंगण होतें. आम्ही गेलों तेव्हां वारीचे दिवस नव्हते. तरीहि त्या एका दिवसांत जें पाहिलें व ऐकलें, तें येथें सांगावेंसें वाटतें.

आमच्याबरोबर आमच्या वहिनी होत्या, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या. तो कित्येक वर्षें अमेरिकेंत नोकरीस आहे व महिन्याच्या रजेवर आला होता. नीरा सोडल्यावर रुळांच्या कडेला घायपाताची रांग दिसूं लागली. आपण तीं भाल्यासारखीं पानें हजार वेळां पाहतों आणि विसरतों. हा मात्र खिडकीशीं सरसावून म्हणाला, "काका, आमच्या गल्लींतला एक बार सारा याच झाडावर चालतो!"

'बार' हा शब्द ऐकतांच वहिनींनीं बाहेर पाहावयास सुरुवात केली. पुतण्याच्या ध्यानांत चूक आली. पण शब्द गेला तो गेला. मग आम्हींच त्याला सांगूं दिलें. दहा-बारा उंच स्टुलें मावतील एवढीच ती जागा; तेथें टकिला व मेस्कल या दोन मद्यांखेरीज दुसरें कांहीं मिळत नाहीं. त्यांत लिंबाचा रस, मीठ, मिरची, क्वचित् चिंच मिसळून नाना पेयें करून देतात.

मद्याची भलामण करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण झाडाची हकीकत मोठी मौजेची आहे. घायपात मूळचा आपला नव्हे. त्याचें माहेर मेक्सिको. तो निवडुंगाचा भाऊबंद वाटतो खरा, परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला शतावरीच्या कुळांत घालतात. वर्षानुवर्षें तो बुंध्यांत साठा करीत बसतो, आयुष्यांत एकदांच तीन-चार पुरुष उंचीचा दांडा काढून फुलतो, आणि मरतो. मेक्सिकोंतील शेतकरी त्याला फुलूं देत नाहींत. पानें छाटून मधला गड्डा खणून काढतात. तो अननसासारखा दिसतो म्हणून त्याचें नांवहि तेंच. कच्चा गड्डा फारसा गोड नसतो. भाजल्यावर त्यांतील साठ्याची साखर होते. ती आंबवून भट्टींत चढविली कीं मद्य तयार. मेस्कलचे गड्डे जमिनींतील खड्ड्यांत तापलेल्या दगडांवर भाजतात, म्हणून त्याला धुराचा वास येतो. टकिला त्याचाच एक प्रकार. पण तो निळ्या घायपातापासून आणि ठरलेल्या प्रांतांतच व्हावा लागतो. तें नांव १९७४ पासून कायद्यानें राखून ठेवलेलें आहे. टकिला गांवाभोंवतालचे मळे युनेस्कोनें २००६ सालीं जागतिक वारशांत घेतले. आपल्या दख्खनी घायपाताचें मद्यहि २०११ सालीं गोव्यांत विक्रीस आलें. मात्र त्याला टकिला म्हणतां येत नाहीं.

काम उरकल्यावर गांवाबाहेर फिरावयास गेलों. तेथें एक वृद्ध गृहस्थ घायपाताच्या वाखाचें दावें वळीत बसले होते. पानें पाण्यांत कुजवावयाचीं, ठेचावयाचीं, धुवावयाचीं, मग पांढरा शुभ्र वाख हातीं येतो. पूर्वीं बेंदराच्या सणाला घरोघर नवीं दावीं व कासरे लागत. आतां नायलॉन आल्यापासून गिऱ्हाईक उरलें नाहीं. पुतण्यानें त्यांना विचारलें, "याचा गड्डा खणून विकला तर?" म्हातारबुवा हंसले. "पान कापलं तर पुन्हा येतंय. गड्डा काढला म्हंजे झाड गेलं. मग बांध कुणी धरायचा?" वहिनींनीं, घरीं गाय नसतांहि, त्यांच्याकडून एक दावें विकत घेतलें.

उन्हें चढलीं तसे आम्ही बाजाराजवळच्या एका रसवंतींत शिरलों. लांकडी बांकें, चरकाच्या चाकाला बांधलेलीं घुंगरें, आणि भिंतीवर कानिफनाथांची तसबीर. या धंद्यांतलीं पुष्कळ कुटुंबें पुरंदर तालुक्यांतलीं. तेथें बोपगांवच्या डोंगरावर कानिफनाथांचें ठाणें आहे. उंसाचें तर हें आगरच. जवळच पाडेगांवास १९३२ पासून ऊंस संशोधन केंद्र आहे, आणि को ८६०३२ या सर्वत्र पसरलेल्या उंसाला या भागांत 'नीरा' असेंच नांव मिळालें आहे. चरक फिरूं लागला, घुंगरें वाजूं लागलीं. आलें-लिंबू पिळलेला फेसाळ रस समोर आला.

तेव्हां वहिनींनीं इतका वेळ मनांत ठेवलेला प्रश्न विचारला, "तिथें रोज जातोस?"

"नाहीं, आई. शनिवारीं. एकच पेला घेतों."

"मग जातोस तरी कशाला?"

तो बराच वेळ पेल्याकडे पाहत राहिला. "तिथला माणूस मला नांवानें हांक मारतो. त्या गांवांत दुसरें कोणी मारीत नाहीं."

आम्ही उपदेशाचे चार शब्द जुळवीत होतों. ते तसेच राहिले. इतक्या वर्षांत त्याच्या पगाराची, थंडीची, प्रकृतीची चौकशी आम्हीं सर्वांनीं केली होती. पण त्याची संध्याकाळ कशी जाते हें कोणीहि विचारलें नव्हतें. वहिनींनीं पदरानें डोळे टिपले व म्हणाल्या, "शनिवारीं घराबाहेर पडण्यापूर्वीं मला फोन करीत जा. मीहि नांवानेंच हांक मारीन."

रसवंतीवाल्यानें न मागतां त्याचा पेला पुन्हा भरला.

परतीच्या गाडींत संध्याकाळच्या उजेडांत घायपाताची रांग पुन्हा दिसली. पुतण्यानें आईच्या पिशवींतलें दावें काढून आपल्या सामानांत ठेवलें. कशाला, हें कोणीं विचारलें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें दूरदेशीं आहेत, त्यांनीं हा वृत्तांत वाचून झाल्यावर एक पत्र लिहावें, किंवा एक हांक मारावी, एवढीच विनंति.