भिडू पाहिजे

माझ्याकडे खेळ फार नाहीत. खेळांचा कागद मात्र कपाटभर आहे. जुनी मासिकं, नियमांच्या पुस्तिका, कंपन्यांच्या मालाच्या याद्या, कुणीतरी पेन्सिलीनं भरलेले तक्ते, आलेखाच्या कागदावर काढलेले भुयारांचे नकाशे. अमेरिकेत आणि इंग्लंडात साठ-सत्तरच्या दशकांत युद्धाचे आणि अद्भुत साहसांचे जे टेबलावरचे खेळ फोफावले, त्यांचा हा पसारा. आई एकदा म्हणाली, "यातलं एक तरी खेळलास का रे कधी?" प्रश्न रास्त होता.

पहिला अंक मिळाला तो फोर्टच्या फुटपाथवर. सांगलीहून सुटीत मुंबईला आलो की मामा मला तिथल्या जुन्या पुस्तकांच्या राशींपाशी सोडून आपली कामं उरकायचा. विणकाम, मोटारी, बागकाम असल्या परदेशी मासिकांच्या ढिगात एक 'ड्रॅगन' निघालं. मुखपृष्ठावर राक्षस पाहून विकणाऱ्यानं ते लहान मुलांच्या गठ्ठ्यात टाकलं होतं. आत मात्र बारीक टायपात तक्तेच तक्ते. 'सेज ॲडव्हाइस' नावाच्या सदरात वाचक वकिली थाटात नियमांचा कीस पाडत होते आणि उत्तर देणाराही तितक्याच गांभीर्यानं निवाडा देत होता. जो खेळ कधी पाहिला नव्हता, त्याच्या नियमांवरची भांडणं मी त्या रात्री अधाशासारखी वाचली.

खेळ होता 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ सालचा. पहिल्या छपाईच्या हजारच प्रती होत्या आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी त्या घरच्या घरी हातांनी जुळवल्या होत्या. 'द ड्रॅगन' मासिक निघालं १९७६ मध्ये. या खेळाला पट लागत नाही. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं आणि निकाल अडला की फासा टाकायचा. फासेही चार, आठ, बारा, वीस अशा पृष्ठांचे. सांगलीत वीस पृष्ठांचा फासा कुठून आणणार? मी वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापले, त्यांवर एक ते वीस आकडे घातले आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकले. न बघता एक उचलायचा. भावंडं जमवली, भुयार समजावलं, त्यातला खजिना समजावला. सगळ्यात धाकट्यानं विचारलं, "पण जिंकतं कोण?" "कुणीच नाही," म्हटल्यावर मंडळी बॅट घेऊन मैदानावर गेली. मी राहिलो वाचत.

पुढे नोकरी लागली, हातात पैसे आले आणि याच खेळाची १९७९च्या सुमाराची एक पेटी परदेशातून मागवली. उघडून पाहतो तर आत फासे नव्हतेच. आकडे छापलेला पुठ्ठ्याचा ताव होता. त्याचे तुकडे करायचे आणि न बघता एकेक उचलायचा! त्या काळात फाशांचा तुटवडा पडला होता, म्हणून खुद्द कंपनीनं ही तोड काढली होती. पुढं फासे मिळावेत म्हणून सोबत कूपन. तुपाच्या डब्याला इतका भारदस्त जोडीदार असेल असं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून मासिकं पद्धतशीर जमवू लागलो. नोकरीनं काही काळ इंग्लंडला नेलं, तिथं 'व्हाइट ड्वार्फ'चे सुरुवातीचे अंक मिळाले. इयन लिव्हिंगस्टन यांच्या संपादकत्वाखाली ते १९७७ मध्ये निघालं. त्याआधी लिव्हिंगस्टन आणि त्यांचे साथीदार 'आउल अँड वीझल' नावाचं छोटेखानी पत्रक काढत. पुढं 'व्हाइट ड्वार्फ' ते काढणाऱ्या कंपनीच्याच खेळांपुरतं उरलं. जुन्या अंकांत मात्र इतर कंपन्यांचे खेळ, वाचकांनी रचलेले राक्षस, हौशी चित्रकारांची कामं असं सगळं एका पंक्तीला बसलेलं दिसतं.

मुंबईच्या हवेत हे सांभाळणं म्हणजे दुसरी नोकरीच. स्टेपल गंजते आणि तिच्याभोवतीचा कागद तपकिरी होऊन फाटतो. पावसाळ्याआधी अंक उलटेपालटे करायचे, कसर लागली का बघायचं, कपाटात वेखंड ठेवायचं. काही जखमांना इलाज नसतो. कुणीतरी जाहिरातीचं कूपन कापून घेतलेलं असतं, त्यामुळं मागच्या पानावरच्या लेखात नेमक्या चर्चेच्या जागी चौकोनी भोक. अशा अंकांचा पूर्वी राग यायचा. आता ते भोक दिसलं की वाटतं, चला, एकानं तरी मागवलं.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवतो तो 'द जनरल'मध्ये. बॉल्टिमोरची ॲव्हलॉन हिल ही युद्धखेळांची कंपनी १९६४ पासून ते काढत होती. त्यात प्रतिस्पर्धी हवा असल्याच्या छोट्या जाहिराती असत. गाव, पत्ता, कोणकोणते खेळ येतात, टपालानं खेळायची तयारी आहे का. आसपास कुणी नाही, म्हणून दूरच्या राज्यातल्या अनोळखी माणसाशी पत्रानं लढाई. आता पत्रातून फासा कसा टाकणार? प्रामाणिकपणाची ग्वाही कोण देणार? त्यावरचा तोडगा मला अजून थक्क करतो. दोघांनी आधीच एक कंपनी आणि एक तारीख ठरवायची. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिच्या शेअर्सच्या उलाढालीचा जो आकडा छापून येईल, त्याचा शेवटचा अंक हाच फासा. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात भलत्याच कारणांनी खरेदी-विक्री व्हायची आणि तिच्यावर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर रणगाड्यांची तुकडी गारद व्हायची. इतका खटाटोप कशासाठी? तर एक भिडू मिळावा म्हणून. खेळ सांगलीत नव्हता, म्हणून भिडू नव्हते, असं मी समजत होतो. इथं खेळ ज्यांच्या दाराशी होता तेही वर्गणी भरून भिडूच शोधत होते.

बाजाराला याचं सोयरसुतक नाही. 'स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स' या मासिकाच्या अंकातच एक अख्खा खेळ मिळू लागला, नकाशा आणि पुठ्ठ्याच्या सोंगट्यांच्या तावासकट. तो ताव अजून अखंड असेल, एकही सोंगटी सुटी केलेली नसेल, तर किंमत चढते. म्हणजे जो खेळ कुणी खेळलाच नाही, तो सगळ्यात मौल्यवान.

माझ्याकडे पात्राचा एक वापरलेला तक्ता आहे. एका योद्ध्याचा. अक्षर शाळकरी. उरलेली ताकद लिहायच्या चौकटीत आकडे इतक्या वेळा खोडलेत की कागद पातळ होऊन पलीकडचं दिसतं. समासात दुसऱ्याच कुणाच्या तिरक्या अक्षरात एक ओळ आहे: शनिवारी सातला ये, आणि या वेळी दोर विसरू नकोस. विकणाऱ्यानं 'लिहिलेला, डागाळलेला' म्हणून तो जवळपास फुकटच दिला. 'द जनरल'मध्ये जाहिराती देणाऱ्यांपैकी कितीजणांना भिडू मिळाला, हे कुठलाच अंक सांगत नाही. या पोराला मिळाला होता. म्हणून लिलावाची यादी आली की मी आधी तळाचा, खराब म्हणून बाजूला काढलेला माल बघतो.