क्लचचे ऑइल आणि आमचे शहाणपण

आम्ही नोकरीने कारकून, शिक्षणाने बी.कॉम. आणि स्वभावाने काटकसरी. वस्तीत कुणाचा अर्ज लिहायचा असो, कुणाच्या कर्जाची चौकशी असो, लोक हक्काने आमच्याकडे येतात. त्यामुळे आपल्याला चार गोष्टी इतरांपेक्षा जास्त कळतात, असा समज आमच्या मनात घर करून होता. तो कसारा घाटात उतरला. त्याची ही हकीकत.

आमचा भाचा नाशिकला भाड्याची गाडी चालवतो. गाडी जुनी, कर्जावर घेतलेली. जामीनदार म्हणून सही आमची. एका रविवारी त्याला ताप होता, म्हणून ऑइल-पाणी बघायचे काम आम्ही अंगावर घेतले. बॉनेट उघडले. ड्रायव्हरच्या बाजूला एका लहान पांढऱ्या डबीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली होती. झाकणावर इंग्रजीत काही लिहिलेले होते, पण त्यावर धूळ बसली होती. ती पुसण्याची तसदी आम्ही घेतली नाही. डिकीत स्टेअरिंग ऑइलची अर्धी बाटली पडून होती. ऑइल ते ऑइल, असे म्हणून डबी भरली. शे-दीडशे रुपये वाचवल्याचा आनंद झाला. भाच्याला सांगायचेही राहून गेले.

पुढच्याच आठवड्यात भाचा पहाटे एका वयस्कर जोडप्याला घेऊन मुंबईला निघाला. आजोबांच्या ऑपरेशनची तारीख होती. घाटात वाहनांची कोंडी झाली, गाडी थांबवावी लागली. क्लचचे पेडल दाबले ते खाली बसले, वर येईना. गिअर पडेना. त्याने हँडब्रेक ओढला, चाकांखाली दगड लावले आणि पदरचे पैसे मोडून त्या दोघांना दुसऱ्या गाडीने पुढे पाठवले. मग आम्हांला फोन केला.

आम्ही पोहोचलो तेव्हा मिस्त्रीने सिलिंडर खोलला होता. आतले रबर भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगले होते. त्याने बोटाला लागलेले तेल हुंगले आणि विचारले, "यात दुसरं ऑइल कुणी घातलं?" आम्ही कबूल केले. भाचा एवढेच म्हणाला, "असू द्या मामा." त्याने चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

मिस्त्री पुढे म्हणाला, "नशीब समजा. या गाडीत क्लचची डबी वेगळी आहे. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच डबीवर चालतात. तशी असती तर या घाटात ब्रेकचाही भरवसा नव्हता." ते ऐकून आमच्या पायातले बळ गेले.

वाचकहो, घात केला तो 'ऑइल' या शब्दाने. आपण बोलताना ब्रेक ऑइल, क्लच ऑइल म्हणतो, पण बहुतेक गाड्यांत तो ग्लायकॉल जातीचा द्रव असतो. ते इंजिनच्या ऑइलसारखे खनिज तेल नव्हे. मारुती ८०० सारख्या गाडीत क्लच तारेने ओढला जाई. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल दाबले की वरच्या मास्टर सिलिंडरातला द्रव नळीतून खालच्या स्लेव्ह सिलिंडरात ढकलला जातो आणि तो क्लच सोडवतो. द्रव दाबाने आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पोहोचतो. हवा मात्र आकसते. नळीत हवा शिरली की पेडल पोकळ लागते आणि दोन-चारदा मारल्यावर तेवढ्यापुरता गिअर पडतो. हीच आगाऊ सूचना समजावी. ग्लायकॉलसाठी बनवलेल्या रबराला खनिज तेल लागले की ते फुगते. आमचे तेच झाले.

बाटलीवर डॉट ३, डॉट ४ असे आकडे असतात. कोरडा, ताजा डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ हा २३० अंशांपर्यंत. पण हा द्रव हवेतला ओलावा शोषतो. ओलावल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात, शिवाय सिलिंडर आतून गंजतो. म्हणून फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये आणि साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल तेव्हा, द्रव बदलावा. डॉट ५ हा सिलिकॉनचा असतो, तो यात मिसळू नये. काही मोजक्या परदेशी गाड्यांत मात्र खनिज तेलच लागते. झाकणावर लिहिले असेल तेच खरे.

आमची दुसरी चूक पहिल्यापेक्षा मोठी होती. क्लचची स्वतंत्र डबी आपोआप रिकामी होत नाही. पातळी खाली गेली म्हणजे कुठेतरी गळती आहे. पेडलच्या वर ओल दिसली तर मास्टर, गिअरबॉक्सजवळ दिसली तर स्लेव्ह. आमच्या गाडीचा स्लेव्ह आधीपासूनच पाझरत होता. आम्ही गळती शोधली नाही, नुसती डबी भरली. हिशेबातली तूट न शोधता खिशातले पैसे टाकून मेळ घालणाऱ्या कारकुनासारखे ते झाले!

शेवटी दोन्ही सिलिंडर आणि रबरी नळी बदलली, पाइप धुऊन घेतला. हवा काढताना आम्ही सीटवर बसलो. मिस्त्री खालून "दाबा" म्हणाला की पेडल दाबून धरायचे. तो निपल सैल करून परत आवळी, मगच पाय उचलायचा. मध्ये डबी रिकामी होऊ द्यायची नाही. द्रव रंगावर सांडला तर रंग उठतो, म्हणून लगेच पाणी ओतायचे. डोळ्यात उडाला तर डोळे भरपूर पाण्याने धुवायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे.

बिल आम्ही भरले. पण भाच्याचे चार दिवसांचे भाडे बुडाले आणि त्या महिन्याचा हप्ता उशिरा गेला, त्याची भरपाई बिलात बसत नाही. त्या आजोबांचे ऑपरेशन ठरल्या दिवशी झाले हे कळले, तेव्हा कुठे आम्हांला झोप लागली.

पुढच्या रविवारी वस्तीतल्या पाच-सहा ड्रायव्हर पोरांना बोलावले आणि त्याच मिस्त्रीला सगळे समजावून सांगायला लावले. आमची चूक आम्हीच आधी सांगितली. प्रत्येकाच्या झाकणावरचा आकडा मराठीत कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवला. भाच्याच्या गाडीत एक फडकेही ठेवले आहे. झाकण पुसावे, वाचावे आणि मगच ओतावे.