वेग, नाद आणि शमन

स्पोर्ट्स कार आणि उंची ध्वनियंत्रणा या दोन छंदांकडे आपण बहुधा श्रीमंतांची हौस म्हणून पाहतो. एक छंद घाटवाटांवर नेतो, दुसरा खोलीतल्या खुर्चीत बसवून ठेवतो. वरवर पाहता दोहोंत काहीच साम्य नाही. माझ्या वाट्याला मात्र हे दोन्ही छंद अगदी जवळून आले. माझ्या यजमानांना शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डचे आणि त्या वाजवणाऱ्या यंत्रांचे वेड, तर कोल्हापूरच्या माझ्या धाकट्या भावाला गाड्यांचे. मी तीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. या दोघांच्या गप्पा ऐकताना मला नेहमी वाटे, की हे एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत.

ती गोष्ट म्हणजे शमन. गाडीच्या प्रत्येक चाकापाशी स्प्रिंग असते आणि तिच्या जोडीला शॉक अब्सॉर्बर. खड्ड्यात चाक गेले की स्प्रिंग दबते आणि उसळते. ती उसळी पुन्हा पुन्हा होऊ न देणे हे शॉक अब्सॉर्बरचे काम. स्पीकरचा पडदाही असाच लवचीक कडेवर तोललेला असतो. तबल्यावर थाप पडताच तो हलला पाहिजे आणि थाप विरताच थांबलाही पाहिजे. तो हलत राहिला तर मागचा बोल पुढच्या बोलात मिसळतो. वस्तुमान, स्प्रिंग आणि शमन यांचे गणित दोन्हीकडे एकच. भाऊ ‘गाडी रस्त्याला धरून चालते’ असे म्हणतो आणि यजमान ‘बोल सुटा ऐकू येतो’ असे म्हणतात, तेव्हा दोघेही चांगल्या शमनाचीच प्रशंसा करीत असतात.

दुसरे साम्य किमतीचे आहे. वेग दुप्पट करायचा तर हवेचा रोध चौपट होतो आणि तो ओलांडण्यासाठी सुमारे आठपट शक्ती लागते. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीची साधी गाडीही ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पोहोचू शकते. पण ताशी ४०० किलोमीटर ओलांडण्यासाठी बुगाटी व्हेरॉनला १००० अश्वशक्तीचे इंजिन लागले. आवाजाचेही तसेच. कानाला तो दुप्पट वाटावा यासाठी अँप्लिफायरची शक्ती सुमारे दहापट करावी लागते. शेवटची पायरी सर्वांत महाग असते, हा निसर्गाचाच नियम आहे. त्या पायरीच्या मागे लागलेला माणूस पैसा, झोप आणि घरच्यांचा वेळ, तिन्ही खर्च करीत राहतो.

शिवाय ही पायरी परवडू लागते त्या वयात शरीराचे हिशेब बदललेले असतात. भावाने पन्नाशीनंतर जुनी सॅन स्टॉर्म घेतली. गोव्यात तयार झालेली, फायबरच्या बॉडीची, दोन आसनांची उघडी गाडी. इंजिन १२०० सीसीहूनही लहान. तिचे आसन इतके खाली, की रस्त्यावरचा खडादेखील पाठीला कळावा. हीच तिची गंमत होती आणि मणक्याचे दुखणे सुरू झाल्यावर हीच तिची अडचण झाली.

यजमानांचे दुखणे दिसणारे नव्हते. निरोगी तरुण कानाला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. वयानुसार त्यातला वरचा भाग प्रथम ओसरू लागतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने आणि तानपुऱ्याच्या जवारीची झिलई याच वरच्या भागात असते. यजमान तानपुरा मंद लागतो म्हणून ट्वीटर बदलण्याच्या विचारात होते. मी मात्र वेगळेच पाहत होते. नात फोनवर शाळेतली हकीकत सांगे आणि हे नुसते हसून ‘हो, हो’ म्हणत. घरी चारचौघे जमले, की ते हळूच उठून रेकॉर्डच्या खोलीत जात. कानांच्या तपासणीत आलेख ४००० हर्ट्झपाशी एकदम खाली उतरलेला दिसला. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवले. ज्याने आयुष्यभर कानांचा अभिमान बाळगला, त्याला हा शब्द जिव्हारी लागला. दोन महिने त्या विषयावर घरात बोलणे नव्हते.

भाऊ आला तेव्हा जेवताना त्याने सहज विचारले, “दाजी, गाडीचे शॉक अब्सॉर्बर गेले तर आपण इंजिन बदलतो का?”

यजमान म्हणाले, “ते बदलतो.”

“मग ट्वीटरच्या मागे कशाला लागलाय?”

पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून दवाखान्यात गेले. संभाषणासाठी आवाजावर जे संस्कार श्रवणयंत्र करते ते संगीताला मानवत नाहीत. म्हणून तज्ज्ञांनी संगीतासाठी यंत्रात वेगळी मांडणी करून दिली. जवारी पूर्वीसारखी ऐकू येत नाही, हे ते मोकळेपणाने सांगतात. नातीचे बोलणे मात्र कळते. मध्यम वयापासून दुर्लक्षिलेला श्रवणदोष स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या घटकांत गणला जातो, हे लक्षात घेतले तर हा लाभ लहान नव्हे.

छंद सोडावा असे मला कधीच वाटले नाही. त्याला मर्यादा मात्र असाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाही. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. उघड्या गाडीतून वेगाने जाताना वाऱ्याचा घोंघावही कानांना सोसत नाही. भाऊ आता महिन्यातून एखाद्या पहाटे गगनबावड्याकडे जातो, पन्नासच्या वेगाने, वाटेत दोनदा उतरून पाठ मोकळी करीत. वळणे तीच आहेत आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे आनंदही कमी झालेला नाही.

आपल्या घरातही कुणाला असा छंद असेल, तर त्याच्या किमतीवरून वाद घालण्याआधी एक गोष्ट पाहावी. छंदातून उठल्यावर तो माणूस निवलेला असतो, की पुढच्या खरेदीच्या विचाराने अधिकच अस्वस्थ? यंत्राची जी परीक्षा, तीच माणसाची: हलल्यानंतर तो किती लवकर स्थिर होतो. आमच्याकडे हल्ली रेकॉर्डची बाजू संपली, की यजमान सुई उचलतात, दोन मिनिटे तसेच बसतात आणि मग स्वयंपाकघरात येऊन विचारतात, “आज भाजी कसली?” उत्तर त्यांना पहिल्याच खेपेस ऐकू येते.