चोर सोडून...

'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण वर्गात कितीदा तरी समजावून सांगितली. पण तिचं सगळ्यात भयंकर उदाहरण मला आफ्रिकेतल्या एका कृमीबद्दल वाचताना सापडलं.

वेगाने वाहणाऱ्या नद्यांकाठची काळी माशी चावली की ऑन्कोसर्का नावाचा हा कृमी अंगात शिरतो. मोठी मादी कातडीखालच्या गाठीत दहाएक वर्षं सुखाने नांदते. तिची असंख्य पिलं अंगभर फिरतात, डोळ्यांतही. ती मेली की शरीराची फौज असा काही दाह माजवते, की बुबुळावरचा पारदर्शक पडदा गढूळ होत जातो. दृष्टी जाते ती बरीचशी आपल्याच फौजेपायी!

उत्तर युगांडा, दक्षिण सुदान इथे अशाच नद्यांकाठी मुलांची मान राहून राहून खाली पडते. कधी तर पुढ्यात जेवण येताच. माझ्या वर्गात मान डोलावली म्हणजे समजलं... इथे ती फिट असते. काही मुलांच्या रक्तातली प्रतिपिंडं कृमीसोबत मेंदूतल्या लायोमोडिन-१ या प्रथिनावरही चाल करतात, असं २०१७ साली संशोधकांनी मांडलं. पुढच्या अभ्यासांत ते तितकं ठळक दिसलं नाही, म्हणून वाद आहे.

चोराबद्दल मात्र फारसा वाद नाही. युगांडात २०१२ च्या सुमारास वर्षातून दोनदा आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या सुरू झाल्या, नद्यांतल्या माशीच्या अळ्या मारल्या गेल्या, आणि नवे रुग्ण जवळजवळ थांबले. आधी आजारी पडलेली मुलं आता मोठी झाली आहेत. त्यांना चुलीजवळ, पाण्याजवळ एकटं सोडता येत नाही.