मागच्या खोलीतला ठोका

गेल्या दिवाळीत चार दिवस गावी गेलो होतो. गाव म्हणजे मालवणजवळचं देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं आणि हल्ली घरांपेक्षा जास्त 'रूम्स अव्हेलेबल'च्या पाट्या. आमच्या काकीच्या घरावरही एक पाटी आहे, 'निवास व न्याहारी'. चार खोल्या. पाचवी खोली मागे, विहिरीकडे. ती पाहुण्यांना देत नाहीत, कारण तिथे दादा असतो आणि तिथून दिवसभर ठोका ऐकू येतो. धड धड धड धड. मिनिटाला १४५.

सकाळी काकी घावणे काढत होती आणि मी शेजारी पाटावर बसून ते संपवत होतो. तव्यावरचं झाकण त्या ठोक्याबरोबर बारीक थरथरत होतं. (खोटं नाही सांगत, बोट लावून बघितलं.)

"झिला, तू तरी तेका सांग," काकी म्हणाली. "तुझा आयकता तो. थर्टीफर्स्टाक चारय खोल्ये भरलेल्ये आसत आणि ह्यो म्हणता, मी गोव्याक जातंय वाजवूक. माझ्यान एकटीन जमतला काय आता? आणि थंय काय काय चलता ता काय माका म्हायती नाय?"

मी "बघतो" म्हणालो. आयटीत वीस वर्षं काढली की 'बघतो' हा शब्द फार छान म्हणता येतो. :)

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून दीड वर्षानं मोठा. तो सायकेडेलिक ट्रान्स बनवतो. तुम्ही ऐकलं नसेल तर थोडक्यात सांगतो. एक ठोका, त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत बेसचे तीन बारीक स्वर, मग पुन्हा ठोका. हे सात-आठ मिनिटं न थकता. शब्द जवळजवळ नाहीतच. वर एखादा सूर वळवळत राहतो, त्याचा फिल्टर हळूहळू उघडतो आणि मिटतो. काहीतरी बदललंय हे कळतं, पण कधी बदललं ते सापडत नाही. पहिली दोन मिनिटं डोकं उठतं. नंतर, जमलं तर, डोकं बाजूला होतं.

ह्या प्रकरणाची सुरुवात आम्ही दोघांनी मिळून केली होती. २००३ साली मी इंजिनियरिंगला होतो आणि घरी असेंबल केलेला पीसी आला. कुणाकडून तरी फ्रुटी लूप्सची सीडी मिळाली. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि दादा रात्र रात्र त्या पडद्यावरची चौकोनी बटणं दाबत बसायचो. लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं स्वाहा. तरी तीन ट्रॅक पुरे केले. मग मला कॅम्पसमधून पुण्याला नोकरी लागली आणि मी गेलो. जाताना पीसी घेऊन गेलो. माझाच होता ना.

पुण्यात मी त्यावर जावाच्या परीक्षेचा अभ्यास केला. दादानं दोन वर्षं पर्यटकांच्या बोटीवर काम केलं, पैसे साठवून सेकंडहँड लॅपटॉप घेतला आणि जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं. ह्याबद्दल तो आजवर एका शब्दानं बोललेला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

असो. संध्याकाळी जेटीवर बसून मी विषय काढला.

आता ह्या संगीताचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध जरा गमतीचा आहे. देवबागहून बांदा, पत्रादेवी करत गेलं की अडीच-तीन तासांत हणजूण येतं, म्हणजे अंजुना. तिथे १९७० साली कॅलिफोर्नियाचा गिल्बर्ट लेव्ही नावाचा पोरगा येऊन पोचला. हाच पुढे 'गोवा गिल' म्हणून जगभर ओळखला गेला. २०२३ मध्ये वारला. सत्तरच्या दशकात तिथे हिप्पी लोक गिटारी वाजवत. ऐंशीच्या दशकात लोरां नावाचा फ्रेंच डीजे आणि गिलसारखे लोक युरोप-अमेरिकेतून आलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायला लागले. तेही कॅसेटवर, कारण रेकॉर्डच्या तबकड्या त्या उन्हात वाकड्या व्हायच्या. गाण्यातले शब्द नको म्हणून नुसते वाद्यांचे तुकडे कॅसेटवर जोडून घ्यायचे. तेच हळूहळू एक वेगळं संगीत झालं आणि नव्वदच्या दशकात त्याला 'गोवा ट्रान्स' हे नाव पडलं. १९९५ चा 'ट्विस्टेड' हा ह्या प्रकारातला गाजलेला अल्बम सायमन पोसफर्ड ह्या इंग्रजानं 'हॅलुसिनोजेन' नावानं काढला. इस्राएलमध्ये तर ते घरोघरी पोचलं.

आणि गोव्यातले लोक? ते त्या पार्ट्यांत चटया टाकून, कंदील लावून चहा-ऑम्लेट विकत होते. गावाचं नाव जगभर गेलं, पण वाजवणारे बहुतेक बाहेरचे. म्हणून देवबागचा एक माणूस तिथे टेबलामागे उभा राहतो ह्याचं मला मनातून कौतुक आहे. पण त्या संध्याकाळी मी कौतुक करायला गेलो नव्हतो. मी चरणजीत सिंग यांना घेऊन गेलो होतो.

चरणजीत सिंग हे मुंबईचे वादक. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये बास गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे, राहुल देव बर्मनसारख्यांच्या वाद्यवृंदात बसलेले. १९८२ साली, म्हणजे 'डिस्को डान्सर'च्याच वर्षी, त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं एकमेकांना जोडली. टीआर-८०८ हे तालाचं, टीबी-३०३ हे बासचं आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यांवर त्यांनी भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मालकंस असे दहा राग वाजवले आणि रेकॉर्ड काढली. नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ३०३ हे यंत्र खरं म्हणजे एकट्यानं गाणं वाजवणाऱ्याला बास गिटारची साथ मिळावी म्हणून काढलेलं, आणि त्या कामात सपशेल नापास झालेलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. आपल्या कानाला ते मींडेसारखं लागतं. त्या रेकॉर्डमध्ये ते यंत्र जे बोलतं ते शिकागोच्या पोरांच्या हाती काही वर्षांनी लागलं, आणि त्याला जग 'अॅसिड हाउस' म्हणू लागलं.

त्या पोरांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकली असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. न्यूटन आणि लायबनिझनी कॅल्क्युलस वेगवेगळं शोधलं, तसलाच प्रकार. इथे ती रेकॉर्ड कुणी घेतली नाही. चरणजीत सिंग परत आपल्या कामाला लागले. २०१० साली एका डच संग्राहकानं ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा कित्येकांना वाटलं, १९८२ वगैरे थापा आहेत, हा कुणातरी आजच्या युरोपियन संगीतकाराचा खोडसाळपणा असणार! मग सत्तरीतल्या ह्या माणसाला युरोप-अमेरिकेत कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ च्या जुलैमध्ये मुंबईत ते गेले.

माझा मुद्दा साधा होता. बघ दादा, एवढा मोठा माणूस, तरी पोटासाठी रेकॉर्डिंग करत राहिला ना? तूही खोल्या सांभाळ, हे फावल्या वेळात कर. अठ्ठावीस वर्षांनी कुणी डच येईलच.

दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तां खरा. पण मी वेगळा काय करतंय? माका वर्षातल्यो पंधरा राती व्हयेत. बाकीचे साडेतीनशे दिवस मी घावणेच वाढतंय मां?"

मग त्यानं मला हिशेब सांगितला. स्पॉटिफायवर २०२४ पासून जो ट्रॅक वर्षात हजार वेळा वाजत नाही त्याचे पैसेच मिळत नाहीत, आणि त्याचे निम्मे ट्रॅक हजाराच्या आत. बँडकँपवर डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, बाकीचे ह्याला, पण घेणारे मोजके. जर्मनीतला एक आणि जपानमधले दोघं नेमानं घेतात, त्यांची नावं त्याला पाठ आहेत. पार्टीत वाजवायचे कधी पंधरा हजार, कधी नुसतं जेवण आणि "पुढच्या वेळी बघू". (तिथेही 'बघू'च.) २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे रात्रभराच्या पार्ट्या बंद हॉलमध्ये गेल्या आणि जागा कमी झाल्या. मोसम नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे नेमके आमच्या खोल्या भरायचे महिने. जूनपासून दोन्ही बंद.

नोव्हेंबर ते मार्च, रात्रभर, आणि पावसाळ्यात घरी. हे वेळापत्रक मी आधी कुठेतरी पाहिलंय असं सारखं वाटत होतं. परतताना देवळावरून आलो तेव्हा पेटली.

दशावतार! आमच्याकडे तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात आणि वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा कंपन्या गावोगाव फिरायला लागतात. पेटाऱ्यात कपडे आणि मुखवटे. तोंड ज्यानं त्यानं आपलं आपण रंगवायचं. लिहिलेली संहिता नाही, कथा ठरवायची आणि संवाद तिथल्या तिथे. साथीला पेटी, पखवाज आणि झांज. मध्यरात्रीच्या सुमाराला उभं राहिलेलं नाटक उजाडताना दहीकाल्यानं संपतं. आणि मिरगाचा पाऊस पडला की रात्रीचा कृष्ण दिवसा चिखलात नांगर धरतो. त्याला कुणी 'करिअर चालतं का रे?' असं विचारत नाही. तो नाटकातला आहे, एवढं पुरतं.

काकी जत्रेतला एकही दशावतार चुकवत नाही. लहानपणी आम्ही दोघं तिच्या मांडीवर डोकं ठेवून बघायचो. मी झोपायचो. दादा उठून पखवाजवाल्याजवळ जाऊन बसायचा. लढाई लागली की झांज चढत जाते, राजे तलवारी घेऊन गरागरा फिरतात, आणि तो तिथे न हलता बसलेला. सकाळी न आलेल्या बायका काकीला विचारायच्या, नाटक कसं झालं? काकी कथा सांगत बसायची नाही. एवढंच म्हणायची, "माणसा फाटफटीपर्यंत रवली."

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझं गणित उलटं होऊन बसलं. 'स्वतंत्र संगीतकार' हा शब्द आपण फार सहज वापरतो. लेबल नाही, मालक नाही, म्हणून स्वतंत्र. पण चरणजीत सिंगांच्या दहा रागांमागे सिनेमावाल्यांच्या रेकॉर्डिंगचा पैसा होता. दशावताऱ्याला जत्रा ठरवणारं गाव आहे, आणि त्या रात्री त्याच्या घरची गुरं बघणारं कुणीतरी आहे. दादाच्या ट्रॅकमागे काकीच्या चार खोल्या आहेत. एकट्यानं कुणीच करत नाही. दुसरं टोक कुणीतरी धरलेलं असतं म्हणून ह्याला रात्रभर उभं राहता येतं. आमच्या ऑफिसातही एकानं सुट्टी घ्यायची तर दुसऱ्यानं त्याची सपोर्टची पाळी घ्यावी लागते, आणि त्याला कुणी त्याग म्हणत नाही. मी मात्र २००४ साली माझं टोक सोडून पुण्याला गेलो होतो. वर आता त्याला सल्ला देत होतो.

मग काकीला 'बघतो' म्हणालो होतो, ते बघितलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस रजा टाकून देवबागला गेलो. दादा ३१ ला दुपारी स्कूटरवर लॅपटॉपची सॅक लावून निघाला. त्याची वेळ पहाटे तीनची होती.

चार खोल्या सांभाळणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. एका खोलीतला गिझर बंद, दुसरीत पोराला ताप, कोल्हापूरच्या मंडळींना सुरमई हवी आणि सुरमई बाजारातून संपलेली. बांगड्यावर समजूत काढली. सोलकढी दोनदा करावी लागली. रात्री दीडला शेवटचं ताट उचललं. काकी ओट्याला टेकून बसल्या बसल्या पेंगली. मी भांडी विसळत होतो. तीन वाजले आणि लक्षात आलं, मागची खोली गप्प आहे. तव्यावरचं झाकण अजिबात हलत नव्हतं. इतकी वर्षं मला तो ठोका बंद व्हावा असं वाटत होतं, आणि त्या वेळी काही केल्या झोप येईना.

सकाळी दहाला दादा आला. डोळे लाल, पायांवर धूळ. काकीनं काही न बोलता कोरी चाय समोर ठेवली. तो अर्धा कप पिईपर्यंत ती थांबली. मग विचारलं,

"माणसा होती?"

"होती."

"फाटफटीपर्यंत रवली?"

"रवली."

"मग बरा," काकी म्हणाली, आणि तिसऱ्या खोलीच्या न्याहारीचे घावणे घालायला उठली.

यंदाच्या थर्टीफर्स्टची रजा मी आत्ताच टाकून ठेवली आहे. मॅनेजरनं कारण विचारलं. 'कौटुंबिक' असं लिहिलं.