चार अक्षरांची स्पर्धा

नकाशा उघडला म्हणजे मोठमोठ्या देशांवरून नजर काढून घ्यावी आणि समुद्रांत सांडलेले ठिपके न्याहाळीत बसावें, ही आमची लहानपणापासूनची खोड. घरच्या मंडळींनीं तिची पुष्कळ थट्टा केली आहे. पण २०२५ च्या नोव्हेंबरांत हॉलंडमधील हेग शहरीं आम्ही मुलीकडे राहावयास गेलों, तेव्हां या खोडीनेंच आम्हांस एक स्नेही मिळवून दिला.

हे स्नेही म्हणजे मुलीच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ. त्यांचा जन्म दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम देशाच्या राजधानींत, पारामारिबो येथें झालेला. ५ जून १८७३ रोजीं 'लल्ला रूख' नांवाचें जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन त्या बंदराला लागलें, आणि पुढें १९१६ पर्यंत सुमारें ३४,००० माणसें, बहुतेक हल्लींच्या उत्तर प्रदेश व बिहार या भागांतील, डचांच्या मळ्यांवर राबावयास गेलीं. या गृहस्थांचे पूर्वज त्यांतलेच. घरांत ते भोजपुरी-अवधीच्या वळणाची 'सरनामी' बोलत. नातू त्यांस 'आजा' म्हणून हांक मारी. ती हांक ऐकून परमुलुखांत आहों याचा आम्हांस क्षणभर विसर पडे.

पहिल्याच भेटींत आम्हीं आमचें नकाशाचें पांडित्य पाजळलें. अरुबा, बोनेर आणि कुरासाव हीं व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचीं तीन बेटें आम्हांस ठाऊक आहेत असें दिसतांच त्यांचा चेहरा उजळला. "भाई, त्या तिघांच्या पुढें आमचा सुरिनाम लावा, झाली आमची ए-बी-सी-एस!" ते म्हणाले. ही कसली बाराखडी, तें आम्हांस मग कळलें.

डच लिपींत या चार नांवांचीं आद्याक्षरें ए, बी, सी, एस अशीं ओळीनें येतात, आणि तेंच नांव घेऊन २०१० सालीं फुटबॉलची एक स्पर्धा निघाली. चार संघ, आधीं दोन सामने, मग तिसऱ्या क्रमांकाचा व अंतिम सामना, एवढाच पसारा. चौघांना एकत्र आणणारी गोष्ट एकच : डच राज्याचा वारसा. एरवीं त्यांच्यांत साम्य तें काय ? सुरिनाम १९७५ पासून स्वतंत्र; विस्तारानें महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा, पण लोकवस्ती सहा लाखांच्या आसपास. अरुबा १९८६ पासून डच राज्यांतील निराळा देश. कुरासावला तोच दर्जा १० ऑक्टोबर २०१० रोजीं मिळाला. आणि बोनेर त्याच दिवसापासून हॉलंडची एक नगरपालिका होऊन बसलें! सुरिनामपासून कुरासाव दीड हजार किलोमीटरांहून दूर. बेटांवर घरोघर पापियामेंटो बोलतात, सुरिनामांत स्रानन व सरनामी. शेजार म्हणावा तो असा.

बोनेरची गोष्ट आम्हांस विशेष वाटली. जागतिक फुटबॉल संघटनेचें सभासदत्व त्याला नाहीं. तेव्हां विश्वचषकाच्या पात्रता-फेरींत हरण्याचाही त्याला अधिकार नाहीं. या चार अक्षरांत मात्र त्याचें अक्षर दुसरें आहे, आणि तें गाळलें तर शब्दच मोडतो.

आम्ही तेथें असतांनाच, १८ नोव्हेंबरला, अमेरिका खंडांतील पात्रता-फेरीचे निर्णायक सामने झाले. हॉलंडांत तेव्हां मध्यरात्र उलटलेली. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा दिवा जळत होता. सकाळीं आम्ही गेलों, तों घरांत सुतक आणि सोहळा एकत्र नांदत होते. कुरासावनें किंग्स्टन येथें जमैकाशीं शून्य-शून्य अशी बरोबरी साधून २०२६ च्या विश्वचषकांत प्रवेश मिळविला होता. जेमतेम दीड लाख वस्तीचा, तेथपर्यंत पोंचलेला आजवरचा सर्वांत लहान देश. सुरिनाम मात्र ग्वाटेमालाकडून ३-१ असा हरला आणि त्याचा सरळ प्रवेश हुकला. "धाकट्या भावाच्या घरीं लग्न आणि आपल्या घरीं गळती," असें म्हणून गृहस्थांनीं आमच्यापुढें चहा ठेवला.

त्या सकाळीं ते पुष्कळ बोलले. तरुणपणीं ते पारामारिबोंत खेळत. १९७५ च्या स्वातंत्र्यापूर्वीं हजारों लोकांप्रमाणें तेही हॉलंडला आले आणि डच नागरिकच राहिले. "बोटीवर पाय ठेवला, तेव्हांच संघांतून नांव गेलें," ते म्हणाले. डच नागरिकत्व घेतलेल्यांस सुरिनामच्या संघांत जागा नव्हती. २०१९ च्या सुमारास खेळाडूंसाठीं खास पारपत्राची सोय निघाली, तेव्हां कोठें तो बांध फुटला. दरम्यान सुरिनामची संपत्ति हॉलंडच्या पदरीं पडत राहिली. १९८८ सालीं युरोपचें अजिंक्यपद मिळविणाऱ्या डच संघांत गुलिट व राइकार्ड होते. दोघांचे वडील सुरिनामचे. पुढें आलेले सेडॉर्फ व डेव्हिड्स तर पारामारिबोंतच जन्मलेले.

मग त्यांनीं ७ जून १९८९ ची आठवण काढली. हॉलंडांत खेळणाऱ्या सुरिनामी वंशाच्या खेळाडूंचा एक संघ प्रदर्शनीय सामन्यांसाठीं मायभूमीला निघाला होता. पारामारिबोच्या विमानतळाजवळ विमान कोसळलें. १७६ माणसें गेलीं, त्यांत त्या संघांतले बहुतेक तरुण. कांहीं नामांकित खेळाडूंना क्लबांनीं रजा नाकारली, म्हणून ते वांचले. येथें गृहस्थ थांबले. आम्हीही बोललों नाहीं.

आमच्या मनांत तेव्हां निराळीच खळबळ चालली होती. कुरासावच्या विजयी संघांतील बहुतेक मुलें हॉलंडांत जन्मलेलीं, तेथेंच वाढलेलीं. मग बेटावरच्या मुलांचें काय ? आमच्या कोंकणांतल्या गांवीं शिमग्याला दोन वाड्यांचा कबड्डीचा सामना होई. एका वर्षीं आयत्या वेळीं मुंबईहून एक चाकरमान्याचा मुलगा आला आणि वर्षभर सराव केलेल्या आम्हांस मैदानाबाहेर बसविण्यांत आलें. वाडी जिंकली. गुलाल सर्वांनीं उधळला. आमच्या घशांत तो आजही अडकला आहे. हें गाऱ्हाणें आम्हीं शेजाऱ्यांना सांगून टाकलें.

ते हंसले नाहींत. "तुमचें खरें आहे," ते म्हणाले, "म्हणूनच मला ती लहान स्पर्धा आवडते. एकदां गांवीं गेलों असतां कॅम्परव्हीन मैदानावर पाहिली. आमच्या बाजूनें सारीं तेथलींच मुलें. माझ्या शेजारीं बसलेल्यानें सहा जणांचीं घरें मला गल्लीसह सांगितलीं. विश्वचषकांत तें कोण सांगेल ?" मग अंमळ थांबून म्हणाले, "पण भाई, त्या मुंबईच्या मुलाला मुंबईंत कोणी मुंबईकर म्हणत होतें काय ?"

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. इतक्या वर्षांत तो मुलगा आम्हांस केवळ जागा बळकावणारा म्हणून आठवत आला होता. सामना संपल्यावर तो एकटाच देवळाच्या पायरीवर बसला होता आणि कोणी त्याला नांवानें हांक मारीत नव्हतें, हें त्या क्षणीं प्रथमच आठवलें. नांव आम्हांसही ठाऊक नव्हतें.

इतक्यांत नातू चेंडू घेऊन दारांत उभा राहिला. तो कोणत्या संघांतून खेळणार, असें आम्ही विचारणार होतों; पण तो प्रश्न आम्हीं गिळला. आजा काठी टेंकीत उठले, आणि आम्ही तिघे समोरच्या हिरवळीवर गेलों.